हेमाडपंतांच्या आधीचं 'हेमाडपंती' : सिन्नरचा गोंदेश्वर

महाराष्ट्रात कुठल्याही गावात जा, काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं आणि कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "हेमाडपंती आहे." पुढे काही विचारायची सोय नाही. कधीचं? हेमाडपंती. कुणी बांधलं? हेमाडपंती. शिखर असं का? अहो, हेमाडपंती आहे ना! एकदा हा शिक्का बसला की बघणाऱ्याचं आणि सांगणाऱ्याचं, दोघांचंही समाधान होतं आणि दोघं चहा प्यायला मोकळे.

आमच्या धंद्यात असं नेहमी होतं. वीस वर्षं जुनी, दहा जणांनी हात लावलेली एखादी सिस्टिम असते. सगळे तिला ज्याने शेवटची काही वर्षं ती सांभाळली त्याच्या नावाने ओळखतात. "हा कोड ना, तो कुलकर्ण्यांचा." कुलकर्णी बिचारे आले तेव्हा निम्मी सिस्टिम आधीच चालू होती. पण नाव चिकटलं ते चिकटलं, आणि मग कुणी जुनी कागदपत्रं उघडूनही बघत नाही.

हेमाडपंतांचं असंच काहीसं झालंय, आणि ते बघायला सिन्नरच्या गोंदेश्वरासारखी दुसरी जागा नाही.

सिन्नर म्हणजे नाशिकहून पुण्याकडे निघालं की साधारण तीस किलोमीटरवर लागणारं गाव. हो, तेच बिड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं आणि आता एमआयडीसीवालं. नाशिकहून शिर्डीला जाणाराही इथूनच जातो. दर वीकएंडला हजारो गाड्या इथून पुढे सरकतात आणि त्यातल्या फार थोड्या गावात वळतात. आम्ही दोघं मित्र एका शनिवारी सकाळी खास एवढ्यासाठीच निघालो होतो. घरं, दुकानं, शाळा असं सगळं मागे टाकत गाडी एका मोकळ्या आवाराशी येते आणि एकदम समोर पाच शिखरं उभी राहतात. आपण 'छोटंसं जुनं देऊळ असेल' अशा तयारीने आलेलो असतो, त्यामुळे पहिली दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही.

आधी थोडं सिन्नरविषयी

देवगिरीचे यादव आपल्याला शाळेत भेटतात ते थेट शेवटच्या अंकात. रामदेवराय, अल्लाउद्दीन खिलजीची १२९६ ची स्वारी, आणि खेळ खलास. पण या घराण्याची आधीची तीनशे वर्षं देवगिरीला गेलेलीच नाहीत. ती गेली नाशिक जिल्ह्यात.

या घराण्याचा पहिला माहीत असलेला पुरुष दृढप्रहार. त्याची राजधानी चंद्रादित्यपूर, म्हणजे बहुतेक आजचं चांदवड. त्याचा मुलगा सेउणचंद्र. त्याच्याच नावावरून या मुलखाला 'सेउणदेश' म्हणायला लागले आणि घराण्यालाही सेउण हे नाव पडलं. यादवांच्या लेखांमध्ये 'सिंदीनगर' असं एक नाव येतं, ते म्हणजेच आपलं सिन्नर, असं बहुतेक संशोधक मानतात. पुढे पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांचं मांडलिकत्व झुगारलं आणि देवगिरीला राजधानी नेली. तोवर सिन्नर हे या घराण्याचं महत्त्वाचं ठिकाण होतं. थोडक्यात, देवगिरी हे त्यांचं नवं मुख्य ऑफिस. कंपनी सुरू झाली ती इकडे.

हे लक्षात घेतलं की मग सिन्नरसारख्या गावात एवढं मोठं मंदिर का, हा प्रश्न उरत नाही. ते आडगावातलं देऊळ नव्हतंच. ते राजधानीतलं देऊळ होतं.

गोंदेश्वराला गोविंदेश्वर असंही म्हणतात. राव गोविंद नावाच्या यादव राजपुरुषाने दोन लाख रुपये खर्चून ते बांधलं, अशी पारंपरिक माहिती आहे. त्यातलं राव गोविंद हे नाव खरं असू शकतं, देवाच्या नावाशी ते जुळतंही. पण दोन लाख 'रुपये' मात्र जरा जपून घ्यायला हवेत. रुपया नावाचं चांदीचं नाणं चालू केलं शेरशाह सूरने, सोळाव्या शतकात! यादवांच्या काळात व्यवहार द्रम्म, गद्याण अशा नाण्यांत व्हायचे. म्हणजे हा आकडा नंतर कुणीतरी आपल्या काळाच्या चलनात बसवलेला आहे. गोष्ट खोटीच आहे असं नाही, पण तिला मधे कुणाचा तरी हात लागलेला आहे. आधी म्हटलं तसं, दहा जणांनी हात लावलेली सिस्टिम :)

मंदिराचा काळ ठरतो तो शैलीवरून, आणि अभ्यासक तो अकराव्या ते बाराव्या शतकात धरतात. शैलीवरून काळ ठरतो म्हणजे काय, हे समजून घेण्यातच खरी मजा आहे. चला, प्रदक्षिणा घालू.

पाच देवळांचं एक देऊळ

सगळा पसारा एका दगडी चौथऱ्यावर उभा आहे. हा चौथरा साधारण १२५ फूट लांब आणि ९५ फूट रुंद आहे. स्थापत्याच्या भाषेत याला जगती म्हणतात. मधोमध मुख्य शिवमंदिर, पूर्वेकडे तोंड केलेलं, त्याच्या समोर स्वतंत्र नंदीमंडप, आणि चार कोपऱ्यांत चार छोटी मंदिरं. ती विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची. प्रत्येकाला स्वतःचं शिखर. सगळ्याभोवती दगडी तट.

याला म्हणतात पंचायतन. शब्द ओळखीचा वाटतोय ना? तुमच्या आजीच्या देवघरात ताम्हनात मधे एक देव आणि भोवती चार, असं मांडलेलं असेल तर तेही पंचायतनच. मधे शंकर असेल तर शिवपंचायतन, मधे गणपती असेल तर गणेशपंचायतन. देव तेच पाच, फक्त मधली जागा बदलते. घरात जे वीतभर जागेत मांडतात तेच इथे शंभर फुटांत दगडात मांडलंय. मला या मांडणीत आवडतं ते हे, की वाद मिटवायची ही एक भारी युक्ती आहे. शैव, वैष्णव, सौर, शाक्त, गाणपत्य, सगळ्यांना एकाच आवारात जागा. तुमचा देव मधे की कोपऱ्यात एवढाच फरक.

आणि पाच मंदिरं जवळजवळ असल्याचा एक दृश्य फायदा पण आहे. चौथऱ्याच्या कोपऱ्यात उभं राहून बघितलं तर पुढचं छोटं शिखर आणि मागचं मोठं शिखर एका रेषेत येतात, आणि सारखीच गोष्ट दोन आकारांत दिसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खालून वर वाचायचं

मंदिराची भिंत ही खालून वर वाचायची असते, हे एकदा कळलं की तुम्ही मार्गदर्शकाशिवाय कुठलंही मंदिर बघू शकता. सगळ्यात खाली पीठ, म्हणजे एकावर एक आडवे थर. त्यात हत्तींची रांग येते, तिला गजथर म्हणतात. सगळं ओझं त्यांच्या पाठीवर असल्याची कल्पना. त्याच्या वर मुख्य भिंत, तिला मंडोवर म्हणतात. ती सपाट नसते. ती सारखी आत-बाहेर होत जाते, खाचा आणि उठाव, खाचा आणि उठाव. या उठावांवर देवता, सुरसुंदरी वगैरे मूर्ती बसवलेल्या असतात.

हे आत-बाहेर करणं फक्त शोभेचं नाही. उन्हात बघा. सपाट काळी भिंत असती तर एक काळा ठोकळा दिसला असता. या खाचांमुळे प्रत्येक उठावाला स्वतःची सावली मिळते आणि एवढं मोठं दगडी वजन उभ्या रेषांत विभागलं जातं. शिवाय भिंतीतला प्रत्येक उठाव पुढे शिखरातही चालू राहतो. म्हणजे पायाचा नकाशा आखला की वरचं शिखर कसं दिसणार हे जवळजवळ ठरलंच.

इथल्या बऱ्याच मूर्तींचे चेहरे आज झिजलेले आहेत. याचं एक कारण दगड. आपला दख्खनचा बेसॉल्ट हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा लाव्हा. काही थरांत तो घट्ट आणि एकसंध असतो, काही थरांत वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले असतात. या पोकळ्यांत पुढे झिओलाइटचे सुंदर स्फटिक तयार होतात. ते बघायचे असतील तर सिन्नरच्याच एमआयडीसीत गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे, दोन्ही एकाच फेरीत होतं. पण स्फटिकांसाठी चांगली असलेली पोकळी मूर्तीच्या नाकासाठी वाईट. पाऊस आत शिरतो, दगड सुटत जातो.

खजुराहोला वाळूचा दगड आहे. बेलूर-हळेबीडचा दगड खाणीतून काढल्यावर इतका मऊ असतो की कारागिरांनी दागिन्यांसारखी नक्षी काढली. मग आपण ते फोटो बघतो आणि आपल्याकडची मंदिरं 'तेवढी नाजूक नाहीत' म्हणून नाकं मुरडतो. जरा बेसॉल्टवर छिन्नी मारून बघा! या दगडात जे कोरलं गेलंय ते बघताना ही अट धरूनच बघायला हवं.

शिखर : खरी गंमत इथे आहे

मुख्य मंदिरापासून जरा लांब जाऊन शिखराकडे बघा. चार दिशांना, बरोबर मधोमध, पायथ्यापासून टोकापर्यंत जाणारा एकेक नक्षीदार उभा पट्टा दिसेल. याला लता म्हणतात. आता दोन पट्ट्यांच्या मधली जागा बघा. तिथे छोटी छोटी शिखरं आहेत, खांबावर बसवलेली, एकावर एक रचलेली आणि शेजारी शेजारीही. खाली मोठी, वर जाताना लहान लहान. उभ्या माळाही जुळतात आणि आडव्या ओळीही.

या शैलीचं नाव भूमिज. भूमी म्हणजे मजला. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक भूमी. म्हणजे हे शिखर म्हणजे मजल्यांवर मजले चढवलेला प्रासाद आहे, आणि त्याचा प्रत्येक घटक हा स्वतः एक छोटा प्रासाद आहे. आम्ही कॉलेजात रिकर्शन शिकलो ते सी मध्ये फॅक्टोरियल काढून. कुणी आम्हाला इथे आणलं असतं तर पहिल्या दिवशीच कळलं असतं :)

पण यातला अवघड भाग मला वाटतो तो वेगळाच आहे. शिखराची कड सरळ नाही, ती हळूहळू आत वळत जाते. त्यामुळे प्रत्येक ओळीतल्या छोट्या शिखराचं माप खालच्या ओळीपेक्षा वेगळं. म्हणजे पहिला दगड घडवण्याआधी संपूर्ण वक्ररेषा आणि प्रत्येक ओळीचं माप ठरलेलं असायलाच हवं. अर्ध्यावर गेल्यावर "अरे, वर जागा उरली नाही" म्हणायची सोय नाही. आधी रिलीज करू, मग पॅच देऊ, हा आमचा प्रकार इथे चालत नाही.

प्रत्येक लतेच्या तळाशी एक मोठी, घोड्याच्या नालेसारखी नक्षीदार कमान दिसेल. ती नीट बघा, आणि मग नाशिकला परत जाताना पांडवलेण्यांवर चढा. तिथल्या १८ क्रमांकाच्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या, दर्शनी भागावर तशीच कमान आहे. ती लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली. आणि तिथेही ती कमान मूळची नाही. ती नक्कल आहे लाकडी इमारतीच्या गोलसर छपराची. लाकडातली कमान लेण्याच्या दगडात आली, तिथून मंदिरांच्या भिंतींवर आली, लहान होत होत नुसती नक्षी झाली, आणि हजार वर्षांनी सिन्नरच्या शिवमंदिराच्या शिखरावर येऊन बसली. छप्पर कधीच गेलं, पण त्याचा आकार कुणी काढून टाकला नाही. कोडमध्ये अशा ओळी आपण रोज बघतो.

शत्रूच्या गावची शैली

आता या लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग. भूमिज शैली ही मूळ आपली नाही. तिचं माहेर माळवा, म्हणजे परमार राजांचा मुलूख. परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात भूमिज प्रासादांवर स्वतंत्र अध्याय आहे. भोजाच्या नंतर आलेल्या उदयादित्याने विदिशेजवळ उदयपूरला बांधलेलं उदयेश्वर मंदिर हा या शैलीचा सर्वांत देखणा नमुना मानतात. तेही अकराव्या शतकातलंच. माळव्यातून ही शैली खाली खानदेशात उतरली, नाशिक जिल्ह्यात आली, घाट उतरून कोकणातल्या अंबरनाथला गेली. धुळे जिल्ह्यातलं बलसाणे, मालेगाव तालुक्यातलं झोडगे, भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीचा अमृतेश्वर, ही सगळी एकाच कुटुंबातली भावंडं.

गंमत अशी की हे यादव परमारांचे मित्र नव्हते. उलट! यादव होते कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक, आणि चालुक्य आणि परमार यांचं हाडवैर. दहाव्या शतकाच्या शेवटी चालुक्य तैलपाने परमार राजा मुंज याचा पराभव करून त्याला ठार मारलं. त्या युद्धात यादव राजा दुसरा भिल्लम तैलपाच्या बाजूने लढला. इ.स. १००० च्या, शके ९२२ च्या, संगमनेर ताम्रपटात त्याच्या या पराक्रमाचा उल्लेख आहे. हा मुंज म्हणजे भोजाचा सख्खा चुलता.

म्हणजे बघा, पणजोबांनी ज्यांच्या राजाविरुद्ध तलवार चालवली, त्यांच्याच मुलखातली शैली पणतवंडांनी आपल्या राजधानीतल्या मंदिरासाठी निवडली. राजांच्या सीमा एकीकडे आणि कारागिरांचे रस्ते दुसरीकडे. पाथरवट, सूत्रधार यांची ये-जा चालूच राहिली, कारण काम जिकडे तिकडे ते जाणार. (ओळखीचं वाटतं? दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांमध्ये तेच तेच इंजिनिअर फिरत असतात, आणि त्यांच्याबरोबर डिझाइनही.) आणि उत्तम गोष्ट कुणाकडून आली यापेक्षा ती उत्तम आहे, एवढं बघण्याइतका मोठेपणा देणगी देणाऱ्यातही होता.

शाळेतल्या इतिहासात आपल्याला फक्त लढाया सांगितल्या. हे देवाणघेवाणीचं प्रकरण दगडात लिहिलेलं आहे, पण 'हेमाडपंती' म्हटलं की ते वाचायचं राहून जातं.

चुना कुठे आहे?

आत सभामंडपात जाऊ. उन्हातून आत गेलं की आधी काही दिसत नाही, मग हळूहळू खांब दिसायला लागतात. जमिनीवर कासव कोरलेलं आहे. ते देवळात शिरताना असतंच, त्याला ओलांडून पुढे जायचं. खांबांवर यक्ष, देवता, वेलबुट्टी. मान वर करून छताकडे बघा.

आपल्याला घुमट म्हटला की खरी कमान आठवते, जिच्यातले पाचरीसारखे दगड एकमेकांना दाबून धरतात. इथे ती पद्धत नाही. इथे सगळा कारभार खांब आणि तुळई यांचा. दगडाचा एक गुणधर्म असा की तो दाब प्रचंड सोसतो पण ताण सोसत नाही. खांबावर कितीही वजन टाका, तो हूं की चूं करत नाही. पण दोन खांबांवर आडवी ठेवलेली तुळई फार लांब केली की तिच्या खालच्या बाजूला ताण येतो आणि ती मधोमध तडकते. म्हणून जुन्या मंदिरांत खांब इतके जवळजवळ असतात. ती हौस नाही, ते गणित आहे.

आता मोठी जागा झाकायची कशी? चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवायच्या, मधे लहान चौकोन उरतो. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा शिळा. किंवा गोल थर एकावर एक, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला. शेवटी मधे एवढंसं भोक राहतं, तिथे एक फुलासारखा कोरलेला दगड. झालं छत. प्रत्येक दगड स्वतःच्या आणि वरच्या वजनाने जागच्या जागी बसतो.

दगड जोडताना मधे चुना न भरता, घडीव दगड नुसते एकमेकांवर बसवलेले, ही या मंदिरांची ओळख. दगडाच्या कडा इतक्या काटेकोर घडवायच्या की सांधा जेमतेम दिसावा, आणि गरज पडेल तिथे खाच आणि खुंटी करून अडकवायचा. वजनाचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशोब. बेसॉल्टचा एक घनमीटर म्हणजे पावणेतीन ते तीन टन. तीन मीटर लांब आणि अर्धा मीटर जाड-रुंद अशी तुळई धरली तर ती दोन टनांच्या वर जाते. क्रेन नाही, डिझेल नाही. मातीचा उतार, लाकडी ओंडके, दोर, बैल आणि माणसं. आणि वर नेल्यावर दगड बसला नाही तर? तो पुन्हा खाली आणा.

बाहेर उत्तरेच्या बाजूला गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर पडायची जागा आहे, मगरीसारख्या तोंडाची. हा मकर अगदी बघण्यासारखा आहे. सांडपाण्याच्या पाइपला एवढं देखणं तोंड देणारी माणसं होती ती.

मग हेमाडपंत कोण?

हेमाद्री उर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकातला माणूस. यादव राजा महादेव (१२६१ ते १२७१) आणि नंतर रामचंद्र, म्हणजेच रामदेवराय, यांच्या दरबारात तो श्रीकरणाधिप होता. म्हणजे राज्याच्या दफ्तराचा मुख्य अधिकारी. 'चतुर्वर्गचिंतामणि' हा धर्मशास्त्रावरचा अफाट ग्रंथ त्याने लिहिला. त्यातल्या व्रतखंडाच्या सुरुवातीला त्याने यादव घराण्याची वंशावळ दिली, आणि दृढप्रहारापासूनची नावं आपल्याला आज कळतात त्यात या प्रशस्तीचा मोठा वाटा आहे. मोडी लिपीचं श्रेयही परंपरा त्यालाच देते. माणूस मोठा होता यात वादच नाही.

पण तारखा बघा. अंबरनाथच्या मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. म्हणजे हेमाद्रीच्या कारकिर्दीच्या दोनशे वर्षं आधीचा! गोंदेश्वर बाराव्या शतकाच्या शेवटाला नेऊन ठेवला तरी तो हेमाद्रीच्या अधिकारपदापेक्षा साठ-सत्तर वर्षांनी मोठा. आणि शैली तर त्याहून जुनी, माळव्यातून आलेली. म्हणजे हेमाडपंत जन्मायच्या आधीच 'हेमाडपंती' मंदिरं उभी होती.

मग नाव का पडलं? लोकांच्या आठवणीत जो शेवटचा मोठा कारभारी राहिला त्याच्या खात्यावर सगळं जमा झालं. त्याच्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांत राज्यच संपलं, नव्या मंदिरांचं मोठं काम थांबलं, आणि मधली नावं विसरली गेली. काही गावांत हेच श्रेय पांडवांना देतात, काही ठिकाणी गवळी राजांना. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी गावोगाव माहिती गोळा केली तेव्हा लोकांच्या तोंडचा 'हेमाडपंती' हा शब्द गॅझेटिअरांत छापला गेला, आणि छापलं की ते खरं :)

चुन्याशिवाय बांधलेलं काळ्या दगडाचं देऊळ, एवढ्या ढोबळ अर्थाने तो शब्द बोलण्यात वापरायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तिथे थांबण्याला.

एवढं काय बिघडतं?

बिघडतं. नाशिक शहरातली आपली लाडकी मंदिरं घ्या. काळाराम, सुंदरनारायण, नारोशंकर, आणि तिकडे त्र्यंबकेश्वर. आज उभ्या असलेल्या या सगळ्या इमारती अठराव्या शतकातल्या, पेशवाईतल्या. दिसायला काळ्या दगडाच्या, मोठ्या, जुन्या. त्यामुळे पाहुण्यांना आपण सगळ्यांचं मिळून 'प्राचीन' म्हणून टाकतो. पण गोंदेश्वर आणि काळाराम यांच्यात जवळपास सहाशे वर्षांचं अंतर आहे. काळाराम आणि आपल्यात त्याच्या निम्मंही नाही. काळारामाचं महत्त्व वेगळं आहे. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्याच्या दारात मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तो आपल्या अलीकडच्या इतिहासाचा मोठा टप्पा आहे. प्रत्येक दगडाला त्याचा त्याचा काळ आणि त्याची त्याची गोष्ट आहे. सगळ्यांना एक लेबल लावलं की सगळ्या गोष्टी जातात.

आणि दुसरं, जास्त काळजीचं. गावोगावी लहान यादवकालीन देवळं आहेत. गावात पैसा येतो, जीर्णोद्धार समिती होते. मग भिंतीला ऑइलपेंट, गाभाऱ्याला बाथरूमच्या टाइल्स, पुढे सिमेंटचा मंडप, आणि कोरीव दगड आवाराबाहेर पिंपळाखाली ढिगात. हे करणारी माणसं वाईट नसतात, भाविकच असतात. पण 'हेमाडपंती आहे, अशी शंभर आहेत' एवढंच माहीत असेल तर एक गेलं म्हणून काय बिघडलं असंच वाटणार. तेच जर कळलं, की आपल्या गावच्या देवळाचं शिखर माळव्यातल्या शिखराचं भावंड आहे, त्यातली कमान पांडवलेण्यांतल्या कमानीची वंशज आहे, तर ब्रश उचलणारा हात जरा तरी थांबेल.

गोंदेश्वर या बाबतीत नशीबवान. ते केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने जतनासाठी निवडलेल्या पहिल्या आठ प्राचीन मंदिरांतही त्याचं नाव होतं. जतन म्हणजे चकचकीत करणं नव्हे, एवढं मात्र आपण बघणाऱ्यांनीही मागायला शिकलं पाहिजे. झिजलेलं नाक झिजलेलंच राहू दे. नवीन नाक बसवलं की ते आपलं नाक होतं.

असो. लांबलं जरा. जायचं असेल तर थोडक्यात :

सकाळी लवकर जा. मंदिराचं तोंड पूर्वेला आहे, कोवळं ऊन पुढच्या बाजूवर पडतं आणि भिंतीच्या खाचा उठून दिसतात. दुपारी दगड तापतो आणि चौथऱ्यावर अनवाणी चालणं म्हणजे शिक्षा. पावसाळ्यात काळा दगड आणि हिरवं आवार झकास दिसतं, पण पाय जपून टाका. पूजा चालू असलेलं देऊळ आहे, तेव्हा फोटो काढताना गाभाऱ्यातल्या लोकांना त्रास देऊ नका. सिन्नरमध्येच ऐश्वर्येश्वराचं आणखी एक यादवकालीन मंदिर आहे. ते लहान आहे, पण दारापुढची कोरीव शिळा बघायला तरी जाच. वेळ असेल तर संध्याकाळी पांडवलेणी.

आणि एक दुर्बीण न्या. साधी, मुलांची असली तरी चालेल. शिखरावरची सगळ्यात वरची, सगळ्यात छोटी शिखरं खालून नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. घडवणाऱ्यांनी तीही तितक्याच मन लावून घडवली आहेत.